लॅटिन आमच्या मुलांना जड नाही: शाळेच्या गव्हर्नर मंडळाला खुलं पत्र

मँचेस्टर, जून महिना

आमच्या प्राथमिक शाळेच्या गव्हर्नर मंडळाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मे महिन्यात हाफ टर्मची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांच्या दप्तरातून तुमची चिठ्ठी घरी आली. येत्या सप्टेंबरपासून इयर थ्री ते इयर सिक्सचा, म्हणजे सात ते अकरा वर्षांच्या मुलांचा, आठवड्याचा चाळीस मिनिटांचा लॅटिनचा तास बंद. त्याऐवजी वीस मिनिटं टॅबलेटवर स्पॅनिश आणि उरलेली वीस मिनिटं इंग्रजी व्याकरणाच्या सरावाला. कारणं तीन दिलीत. पालकांकडून मागणी नाही. लॅटिन शिकवणाऱ्या बाई पुढच्या वर्षी आठवड्यातून तीनच दिवस येणार आहेत. आणि आपल्या शाळेत घरी इंग्रजी न बोलणारी मुलं निम्म्याहून जास्त आहेत, त्यांच्यावर आणखी एका भाषेचं ओझं नको.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या हाती दिली आहे. तेच मराठीत सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण त्या तिसऱ्या कारणात ज्यांची मुलं धरली आहेत त्यात आम्ही मराठी घरंही येतो. शिवाय तुम्ही पालकांची जी पाहणी घेतलीत तिच्यात ‘लॅटिन नको’ या चौकोनात खूण करणाऱ्यांत आमच्यातलेही काही जण होते. त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. शाळेचं नाव मी कुठेही लिहीत नाही. शाळा आमची आहे, तिथल्या शिक्षकांनी माझ्या मुलांना जीव लावला आहे, तिची नाचक्की मला करायची नाही.

माझी लेक आता इयर फाइव्हमध्ये आहे, मुलगा इयर टूमध्ये. म्हणजे एकीचं लॅटिन अर्ध्यात तुटणार आणि दुसऱ्याचं सुरूच होणार नाही.

मी मूळची सांगलीची. आठवीत संस्कृत घेतलं ते मार्क चांगले पडतात म्हणून. ‘रामः रामौ रामाः’ घोकलं, दहावीला पैकीच्या जवळ मार्क पाडले आणि पुस्तकं रद्दीत घातली. इथे आल्यावर त्याची आठवणही येत नव्हती. मग लेक इयर थ्रीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तिने विचारलं, ‘आई, मूस म्हणजे काय सांग?’ त्यांच्या पुस्तकाचा नायक मिनिमस नावाचा उंदीर आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मूस म्हणजे माउस. आणि आपला गणपतीचा मूषक पण तोच आहे ना?’

लाटणं तसंच हातात राहिलं. त्या रात्री सांगलीला फोन लावून आम्ही आजीला आकडे विचारले. लेक म्हणायची ‘सेप्तेम्’, पलीकडून आजी म्हणायची ‘सप्त’. ओक्तो, अष्ट. नोवेम्, नव. देकेम्, दश. मग पोरीला प्रश्न पडला की सप्टेंबर जर ‘सात’वाला, तर तो नववा महिना कसा. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं की रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. घरी येऊन तिने तेच आजीला सांगितलं आणि आजीने ते सोसायटीतल्या सगळ्यांना. आजी आणि नातीला एकमेकींशी बोलायला ‘जेवलीस का’ च्या पलीकडचं काहीतरी त्या दिवशी मिळालं. लॅटिनमुळे मिळालं, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

आता पहिली तक्रार, तुमच्या ‘ओझ्या’बद्दल. तीन कारणांपैकी मला सर्वांत जास्त लागलेलं हेच आहे.

इयर फोरमध्ये मुलांना एक वाक्य शिकवलं: ‘पुएल्ला नाउतम् विदेत्’. मुलगी खलाशाला बघते. बाईंनी शब्द उलटे केले, ‘नाउतम् पुएल्ला विदेत्’, आणि विचारलं, आता कोण कोणाला बघतंय? घरी फक्त इंग्रजी बोलणारी बहुतेक मुलं म्हणाली, खलाशी मुलीला बघतोय. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो, त्यामुळे त्यांचं चुकलं यात नवल नाही. माझ्या लेकीने हात वर केला. तिला घरातलं वाक्य माहीत होतं: ‘मुलगी खलाशाला बघते’ म्हणा की ‘खलाशाला मुलगी बघते’ म्हणा, ‘ला’ ज्याला चिकटला आहे तोच बघितला जातो. लॅटिनमधला तो ‘म्’ म्हणजे आमचा ‘ला’. बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून हे सगळ्या वर्गाला समजवायला सांगितलं. त्या वर्गातल्या तमिळ मुलाने आणि पोलिश मुलीने लगेच आपापल्या भाषेतली उदाहरणं दिली.

मराठी मूल लॅटिनच्या वर्गात रिकाम्या हाताने जात नाही. तो, ती, ते अशी तीन लिंगं त्याच्या जिभेवर आहेत, लॅटिनलाही तीनच आहेत. क्रियापदाच्या शेपटावरून ‘मी’ की ‘तू’ हे ओळखायची त्याला सवय आहे, कारण घरात कोणी ‘मी जातो’ म्हणत नाही, नुसतं ‘जातो’ म्हणतात. इंग्रजीसारखे ‘अ’ आणि ‘द’ लॅटिनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत. ह्रस्व-दीर्घ म्हणजे काय ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही. शाळेच्या सगळ्या वेळापत्रकात घरची भाषा ही अडचण धरली जाते. वाचनाच्या तासाला ती मागे ओढते, स्पेलिंगला नडते, असं आम्हाला पालकसभेत वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं आहे. फक्त एका तासाला ती भाषा उपयोगी पडत होती आणि तोच तुम्ही काढता आहात.

रोमन बादशहा हेड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधलेल्या भिंतीजवळच्या व्हिंडोलंडा या रोमन किल्ल्याची गोष्ट तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, कारण मिनिमस उंदीर तिथेच राहतो. तरी इथे सांगते, आमच्या मराठी वाचकांसाठी. १९७३ साली तिथल्या ओल्या मातीत पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या सापडायला लागल्या, शाईने लिहिलेल्या. भिंत बांधायला घेतली इसवी सन १२२ मध्ये, या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याचशा त्याच्याही आधीच्या आहेत. त्यातली एक क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने किल्लेदाराच्या बायकोला, सल्पिसिया लेपिडिनाला पाठवली आहे: ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस तर दिवस गोड होईल. मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत: ‘वले सोरोर, अनिमा मेआ’. येते ग बहिणी, माझ्या प्राणा. बाईमाणसाच्या हातचं इतकं जुनं लॅटिन बहुधा दुसरं सापडलेलं नाही. ‘सोरोर’ म्हणजे संस्कृतातली स्वसृ, आणि ‘अनिमा’च्या पोटात तोच ‘अन्’ धातू आहे जो आपल्या ‘प्राणा’त आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी या बेटावरच्या थंडीवाऱ्यात एका बाईने मैत्रिणीला जे लिहिलं, ते माझी आई माझ्या मावशीला आजही तसंच लिहिते.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. लेपिडिनाचा नवरा फ्लेव्हियस सेरिआलिस हा बटावियन पलटणीचा अधिकारी होता. बटावियन म्हणजे ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळचे, आजच्या नेदरलँड्समधले लोक. लॅटिन त्यांच्या पूर्वजांची भाषा नव्हती, सैन्यात शिरून शिकलेली होती. किल्लेदाराच्या घराच्या जागी लहान मुलांचे चामडी जोडे मिळाले आहेत. आणि तिथल्याच एका पट्टीवर रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ कोणीतरी गिरवली आहे, त्यापुढे वेगळ्या हाताने काही अक्षरं आहेत. अभ्यासकांना वाटतं की ती घरातल्या मुलाची उजळणी असावी आणि ती अक्षरं म्हणजे शिक्षकाचा शेरा, ‘ढिसाळ’. तुमच्या चिठ्ठीतला शब्द वापरायचा तर ती ‘घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांची’ मुलं होती, साम्राज्याच्या पार काठावरची. त्यांच्या शिक्षकाने त्यांना व्हर्जिल दिला. अक्षर वाईट आलं तर शेरा दिला, पण व्हर्जिल काढून घेतला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं तिथे जाऊन आलो. ते जोडे काचेमागे आहेत. माझा मुलगा आपला पाय काचेला लावून माप बघत उभा होता. सप्टेंबरनंतरच्या सप्टेंबरला मलाही मिनिमस मिळणार ना, असं त्याने तिथे विचारलं होतं.

दुसरी तक्रार पाहणीबद्दल. ती फक्त इंग्रजीत आली, ईमेलने आली, आणि प्रश्न एकच होता: मुलांनी शाळेत स्पॅनिश शिकावं की लॅटिन? मुलं तीन वर्षांत काय शिकली, त्यांच्या वह्यांत काय आहे, हे एकाही पालकाला दाखवलं नाही. ज्या आईने आयुष्यात लॅटिन हा शब्द चर्चच्या पलीकडे ऐकला नाही, ती स्पॅनिशवरच खूण करणार. मागणी नाही असं म्हणण्याआधी माल तरी दाखवायला हवा होता. आपल्या शहराच्या मुद्रेवर ‘कोन्सिलिओ एत् लाबोरे’ लिहिलं आहे. माझ्या लेकीने त्याचं मराठी केलं: ‘सल्लामसलतीने आणि श्रमाने’. दोन्हीकडे ‘ने’, ही तृतीया, असंही तिने सांगितलं. तो पहिला शब्द या निर्णयात मला सापडला नाही.

तिसरी तक्रार नियमाची. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक परकी भाषा शिकवणं सक्तीचं आहे, आणि ती आधुनिक असो वा प्राचीन, दोन्ही चालतात, असं राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे की मुलांनी एका भाषेत भरीव प्रगती करावी. तीन वर्षं लॅटिन शिकलेल्या मुलांना चौथ्या वर्षी स्पॅनिशची पहिली दहा वाक्यं शिकवली तर भरीव प्रगती कोणत्या भाषेत झाली? स्पॅनिशला माझा विरोध नाही. सुंदर भाषा आहे, लॅटिनचीच लेक आहे. पण आठवड्याला वीस मिनिटं, शिक्षकाविना, पडद्यावर बोटं टेकवून? हे भाषा शिकवणं नाही, वेळापत्रकातला रकाना भरणं आहे.

व्याकरणाच्या सरावाला वेळ हवा म्हणता. इयर सिक्सच्या परीक्षेचं दडपण मला कळतं. पण वाक्यातला कर्ता कोणता, कर्म कोणतं, विशेषण कोणाला लागलं, हे या मुलांना कळलं ते लॅटिनच्या तासाला, तिथे त्याच्याशिवाय वाक्यच लागत नाही म्हणून. लॅटिनने सगळी बुद्धी तल्लख होते असा दावा मी करणार नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२४ सालीच मोठी पाहणी करून दाखवलं होतं की कोणत्याही एका विषयाने एकूण विचारशक्ती फारशी वाढत नाही. मी फक्त जे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडताना बघितलं तेवढंच सांगते.

चौथी तक्रार, आणि हिच्यात तुमच्याबरोबर सरकारही आहे. २०२१ मध्ये सरकारने ४० सरकारी शाळांत लॅटिन नेण्यासाठी ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली. तेव्हाच सांगितलेले आकडे असे होते: अकरा ते चौदा वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा २.७ टक्के, आणि फी घेणाऱ्या खाजगी शाळा ४९ टक्के. सप्टेंबर २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी, शालेय वर्ष अर्ध्यावर असताना, पैसे थांबवले. म्हणजे आमच्या मुलांना माध्यमिक शाळेत लॅटिन मिळण्याचा रस्ता असाही अरुंद झाला आहे. सात ते अकरा ही चार वर्षं त्यांच्या हातात होती. पैसेवाल्यांच्या मुलांना जे ओझं वाटत नाही ते आमच्याच मुलांना का वाटावं, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

चिठ्ठीच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की आवड असलेल्या पालकांनी घरी शिकवावं. आम्ही घरी करतोच. मिठाच्या बरणीवर ‘साल’, मधाच्या बाटलीवर ‘मेल’, दुधाच्या कप्प्यावर ‘लाक’ असे कागद चिकटवले आहेत. क्विंतिलियन नावाच्या रोमन शिक्षकाने पहिल्या शतकाच्या अखेरीला लिहून ठेवलं होतं की लहान मुलांना हस्तिदंती अक्षरं खेळायला द्यावीत आणि मारू तर मुळीच नये. आम्ही ती पुठ्ठ्याची कापली. पण हे मला जमतं कारण माझी नोकरी नऊ ते पाच आहे आणि संस्कृतचा गंज थोडा खरवडला की खाली काहीतरी निघतं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीची आई रात्रपाळीला हॉस्पिटलात सफाई करते. सकाळी ती मुलीला शाळेत सोडून झोपायला जाते. तिने कधी आणि कसं शिकवायचं? सोळाव्या शतकात मोंतेन्य या फ्रेंच लेखकाच्या बापाने मुलाला लॅटिन मातृभाषेसारखी यावी म्हणून घरात खास शिक्षक ठेवला होता, ज्याला फ्रेंच येतच नव्हतं. बापाकडे गढी होती, पैसा होता. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांच्यासाठीच शाळा असते.

आता दोन शब्द आमच्या मराठी पालकांना. दादा, ताई, ‘मेलेली भाषा शिकून काय करायचं’ हे मी तुमच्या तोंडून गणपतीच्या जेवणावळीत ऐकलं आहे. रागावत नाही, तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज धर्मप्रचारक गोव्यात उतरला. लॅटिन त्याच्या अंगात मुरलं होतं. आपल्या भाषा कानावर पडल्यावर त्याने १५८३ साली भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या भाषणात हेच जगाला सांगितलं ते १७८६ साली, त्यानंतर दोनशे वर्षांनी. त्याच स्टीफन्सने पुढे मराठीत ओव्या रचल्या, आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. लॅटिन येत असल्यामुळे मराठी त्याला परकी वाटली नाही. आपली मुलं तोच रस्ता उलट्या बाजूने चालत आहेत, आणि वाटेत त्यांना मराठी भेटते आहे. इथे जन्मलेल्या मुलाला ‘विभक्ती’ हा शब्द घरात विचारावासा वाटतो, हे आपण रविवारच्या मराठी शाळेत इतकी वर्षं घडवू शकलो नव्हतो.

मंडळाकडे माझ्या मागण्या या आहेत.

निर्णयाची अंमलबजावणी एक वर्ष थांबवा. तेवढंही शक्य नसेल तर ज्या वर्गांनी लॅटिन सुरू केलं आहे त्यांचं इयर सिक्सपर्यंत पुरं होऊ द्या.

पाहणी पुन्हा घ्या. पालकांच्या भाषांत घ्या. मराठी, तमिळ, उर्दू आणि पोलिश भाषांतर आम्ही पालक मिळून करून देऊ. त्याआधी एका संध्याकाळी हॉलमध्ये मुलांच्या वह्या मांडा, त्यांना बोलू द्या.

बाई तीन दिवस येणार असतील तर त्या तीनपैकी एका दिवशी हा तास ठेवा, आणि आणखी एका शिक्षकाला तयार करा. क्लासिक्स फॉर ऑल ही संस्था सरकारी शाळांच्या शिक्षकांना हे प्रशिक्षण देते. लॅटिनची पदवी असलेलाच माणूस लागत नाही, आपल्या बाईही मूळच्या भूगोलाच्या आहेत.

‘घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना ओझं’ हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलं ते लेखी कळवा. आधार नसेल तर ते मागे घ्या. बाकी सगळं फेटाळलंत तरी एवढं नक्की करा, कारण ते वाक्य मुलांनीही वाचलं आहे.

आणि काहीही झालं तरी ती पुस्तकं विकू किंवा देऊन टाकू नका. ग्रंथालयात ठेवा, घरी न्यायला द्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर एक खोली मिळाली तर आम्ही चार पालक क्लब चालवायला तयार आहोत. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची जी तपासणी होते, तिची कागदपत्रं आम्ही भरून ठेवली आहेत.

समर टर्म संपायच्या आत उत्तर मिळावं. तुमच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं दिलीत तर मी येईन, लेकीच्या तीन वह्या घेऊन.

कळावे,
आपली नम्र,
इयर फाइव्हमधल्या एका मुलीची आणि इयर टूमधल्या एका मुलाची आई